किलोमीटर हे रबराचे घड्याळ नव्हे

इथेनॉलमिश्रित पेट्रोलावरून २०२५ मध्ये देशभर जे भांडण पेटले, त्यात दोन्ही पक्षांची नजर एकाच वस्तूवर खिळली होती : इंजिन. एक पक्ष सांगत होता की ई-२० मुळे इंजिन गंजते, मायलेज घसरते, विमा नाकारला जातो. दुसरा पक्ष सांगत होता की हा सारा अपप्रचार आहे, चाचण्या झाल्या आहेत, वाहने सुरक्षित आहेत. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावरची जनहित याचिका फेटाळली आणि बातमीदारीच्या दृष्टीने प्रकरण मिटले. या गदारोळात ज्या पदार्थांविषयी नेमके प्रश्न विचारायला हवे होते, ते पदार्थ मात्र चर्चेबाहेरच राहिले. इंधनाची नळी, कार्बोरेटरमधली ओ-रिंग, पंपाचा पडदा, झाकणाखालचे वायसर, नायलॉनचे सांधे. थोडक्यात, इंधनाला स्पर्श करणारे सगळे अधातू पदार्थ.

ही शंका कोणा विरोधकाने काढलेली नाही. ती सरकारच्याच कागदात आहे. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा २०२०-२५ या काळासाठीचा आराखडा प्रसिद्ध केला. पुण्याची एआरएआय, डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था आणि इंडियन ऑइलचा संशोधन विभाग यांनी केलेल्या ई-२० चाचण्यांचा सारांश त्यात आहे. तो तीन वाक्यांत मावतो. धातू आणि धातूंवरचे लेप यांना ई-२० मुळे अडचण आली नाही. रबरवर्गातील पदार्थांची कामगिरी निव्वळ पेट्रोलाच्या तुलनेत खालावली. पीए ६६ या नायलॉनची ताणशक्ती घटली.

ज्या गंजाच्या भीतीवर समाजमाध्यमांत हजारो चित्रफिती फिरल्या, त्या गंजाबद्दल आराखडा निश्चिंत आहे. ज्या रबराबद्दल कोणी बोलत नव्हते, त्याच्या बाबतीत तो स्पष्टपणे नकारार्थी आहे. आणि सारांशाच्या त्या ओळींत एकही आकडा नाही. कामगिरी खालावली, पण किती? कोणत्या रबराची? किती तास, किती तापमानाला बुडवून ठेवल्यावर? ताणशक्ती घटली ती पाच टक्के की पन्नास? प्रश्न येथून सुरू व्हायला हवा होता. त्याऐवजी ‘सुसंगत’ या एका शब्दावर सारे थांबले.

भौतिकशास्त्रात ‘सुसंगत’ नावाचा कोणताही गुणधर्म नाही. घनता असते, ताणशक्ती असते, विसरणांक असतो. त्यांना एकके असतात आणि ते मोजता येतात. ‘हे रबर या इंधनाशी सुसंगत आहे’ हे वाक्य तापमान, काळ, दाब आणि मिश्रणाचे प्रमाण सांगितल्याशिवाय अपुरे आहे. ‘हा दोर मजबूत आहे’ असे सांगून किती वजन पेलेल ते न सांगण्यासारखेच ते आहे.

धातू आणि रबर यांच्यात मूलभूत फरक आहे. पोलादाच्या नळीत पेट्रोल भरले तर पेट्रोल आत राहते आणि पोलाद बाहेर. जे काही घडते ते पृष्ठभागावर. रबर हे लांबलचक साखळ्यांचे जाळे आहे आणि द्रव त्या जाळ्यात शिरतो. साखळ्या एकमेकींपासून दूर सरकतात, रबर फुगते, मऊ पडते, त्याची ताकद कमी होते. शिवाय द्रव रिकाम्या हाताने परत जात नाही. रबर लवचीक राहावे म्हणून कारखान्यात त्यात मिसळलेली मृदुकारके तो सोबत घेऊन जातो. पुढे कधी टाकी रिकामी राहिली आणि रबर सुकले, की ते मूळ आकाराहूनही आक्रसते, कडक होते आणि भेगाळते. भिजलेली ओ-रिंग फुगून सांधा घट्ट धरते. सुकली की तोच सांधा गळू लागतो. म्हणून नुसते बुडवून ठेवण्याची चाचणी पुरेशी नसते. भिजणे आणि सुकणे यांची आवर्तने तपासावी लागतात, कारण महिनोन्‌महिने अंगणात उभी राहणारी दुचाकी नेमक्या याच आवर्तनांतून जाते.

द्रव रबरात किती शिरेल, हे दोघांच्या स्वभावाच्या जवळिकीवर ठरते. ही जवळीक मोजण्यासाठी रसायनशास्त्रात विद्राव्यतेचे एक प्राचल वापरतात. त्याच्या रूढ एककात पेट्रोलाचे मूल्य ढोबळमानाने १५ च्या आसपास, इंधनाच्या नळ्यांत वापरल्या जाणाऱ्या नायट्राइल रबराचे १९ ते २० च्या आसपास आणि इथेनॉलचे सुमारे २६. पेट्रोल खाली, इथेनॉल वर, रबर मध्ये. पेट्रोलात इथेनॉल मिसळत गेले की मिश्रणाचे मूल्य वर सरकते, रबराच्या जवळ येते आणि पुढे त्याला ओलांडून जाते. त्यामुळे काही रबरे निव्वळ पेट्रोलात जेवढी फुगतात किंवा निव्वळ इथेनॉलमध्ये जेवढी फुगतात, त्यापेक्षा दोघांच्या मिश्रणात अधिक फुगतात. हे गणित ढोबळ आहे, म्हणूनच प्रत्यक्ष मोजमाप अटळ ठरते. पण त्यातून निघणारा धडा पक्का आहे. मिश्रणाचा परिणाम सरळ रेषेत वाढत नाही. दहा टक्क्यांना जे निभावले ते वीस टक्क्यांना निभावेलच असे नाही, आणि शंभर टक्के इथेनॉलमध्ये टिकणारे रबर वीस टक्क्यांत टिकेलच असेही नाही.

इथेच ब्राझीलचा दाखला कोसळतो. ब्राझीलमध्ये २७ टक्के मिश्रण वर्षानुवर्षे चालले, ऑगस्ट २०२५ पासून ते ३० टक्के झाले, मग भारताने वीस टक्क्यांची भीती का बाळगावी, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. त्या देशाने इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू केला आणि दोन्ही इंधनांवर चालणारी वाहने २००३ पासून बाजारात आणली. तिथल्या गाड्यांतले रबर त्या इंधनासाठी निवडलेले आहे. भारतात ई-२० साठी योग्य सामग्री असलेली वाहने एप्रिल २०२३ पासून येऊ लागली. त्याआधी विकल्या गेलेल्या गाड्या आणि दुचाकी कोट्यवधी आहेत आणि त्यांतले रबर कोणत्या मिश्रणासाठी निवडले होते, हे त्यांच्या मालकांना कोणी सांगितलेले नाही. ब्राझीलचा अनुभव ब्राझीलच्या रबराला लागू होतो.

आता मंत्रालयाच्या उत्तराकडे पाहू. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला. वाहनांना पहिल्या एक लाख किलोमीटरपर्यंत दर दहा हजार किलोमीटरला तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांचा त्यात हवाला होता. शक्ती, पीळ आणि इंधनखप यांत लक्षणीय फरक आढळला नाही, असे सांगितले गेले. काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केटे बदलावी लागू शकतील, पण ते काम स्वस्त आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होण्याजोगे आहे, असेही नमूद केले गेले.

ही कबुली प्रामाणिक आहे आणि तिचे स्वागत व्हायला हवे. पण तिच्यात वापरलेले मोजमापच चुकीच्या पदार्थाचे आहे. किलोमीटर हे झिजेचे घड्याळ आहे. पिस्टन, बेअरिंग, दातेरी चक्र हे भाग हलल्याने झिजतात, म्हणून त्यांचे आयुष्य किलोमीटरमध्ये सांगणे योग्य. इंधनाच्या नळीला गाडी चालते की उभी आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते. ती रात्रंदिवस इंधनात भिजलेली असते. तिचे आयुष्य काळ आणि तापमान ठरवतात. रोज पंचावन्न किलोमीटर फिरणाऱ्या दूधवाल्याची मोटारसायकल एका वर्षात वीस हजार किलोमीटर पुरे करते. रोज पाच किलोमीटर जाणाऱ्या शिक्षिकेच्या स्कूटरला त्यासाठी जवळजवळ अकरा वर्षे लागतात. एकाच सूचनेनुसार एकाची नळी वर्षाने बदलेल आणि दुसरीची अकरा वर्षांनी, आणि त्या अकरा वर्षांत तिची स्कूटर अकरा उन्हाळे सोसेल. ही सूचना दोघांपैकी किमान एकासाठी तरी चुकीची आहे.

तापमानाचा हिशेबही दुर्लक्षिण्याजोगा नाही. रबर जुने होण्याच्या रासायनिक क्रिया तापमानासोबत घातांकी वेगाने वाढतात. अनेक रबरांत दर दहा अंशांना हा वेग दुपटीहून अधिक होतो. मे महिन्यात नागपूरला किंवा जैसलमेरला उन्हात उभ्या असलेल्या गाडीतली नळी आणि उटीच्या सावलीतली नळी एकाच वर्षात सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत. एक लाख किलोमीटरची चाचणी सलग गाडी चालवून काही महिन्यांत उरकता येते. रबराची अकरा वर्षे काही महिन्यांत उरकण्याचा मार्ग वेगळा आहे आणि तो तेल-वायू उद्योगाला उत्तम ठाऊक आहे.

या उद्योगाने तो धडा फुकट शिकलेला नाही. खोल विहिरीत शेकडो वातावरणांच्या दाबाखाली नैसर्गिक वायू आणि कार्बन डायऑक्साइड सीलच्या रबरात विरघळतात. रबर बाहेरून जसेच्या तसे दिसते. मग काही कारणाने दाब एकाएकी उतरवला जातो. आत विरघळलेल्या वायूला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. सोड्याची बाटली उघडावी तसे रबराच्या पोटात बुडबुडे उठतात आणि रबर आतून फाटते. कित्येकदा बाहेरून ओरखडाही दिसत नाही. अशी सील पुढच्या वेळी दाब चढला की दगा देते, आणि समुद्रातल्या फलाटावर तिचा दगा म्हणजे ज्वालाग्राही वायूची गळती.

दुसरा धडा याहून विचित्र आहे. पोलादी नळ्या गंजू नयेत म्हणून विहिरीत जी रसायने सोडतात, त्यांतील अमाइन वर्गाची रसायने फ्लुओरोरबराच्या साखळ्यांवर हल्ला करतात. पोलादाचे औषध रबराचे विष ठरते. आणि जिथे वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, तिथे नायट्राइल रबर कडक होऊन तडकते. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बसीन क्षेत्रातून हाजिऱ्याला येणारा वायू याच जातीचा. तिथे कोणते रबर कुठे बसवायचे, हा प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे.

म्हणून या उद्योगाने लेखी नियम केले. नॉर्वेच्या समुद्री तेलउद्योगाने नॉरसॉक एम-७१० हे मानक आणले. पुढे आयएसओ २३९३६ हे आंतरराष्ट्रीय मानक आले : त्याचा पहिला भाग २००९ मध्ये तापमृदू प्लास्टिकांसाठी, दुसरा २०११ मध्ये रबरांसाठी. विहिरीतील द्रवांशी संपर्क येणारे अधातू पदार्थ हाच त्याचा विषय. या पद्धतीत रबराचे नमुने प्रत्यक्ष वापराहून चढ्या अशा किमान तीन तापमानांना ठरलेल्या द्रवात ठेवतात, कडकपणा, फुगवटा, ताणशक्ती आणि तुटेपर्यंतची लांबण ठरावीक काळाने मोजतात आणि त्या वेगांवरून वापराच्या तापमानाला आयुष्य किती, याचा अंदाज बांधतात. एकाएकी दाब उतरवण्याच्या चाचणीनंतर ओ-रिंग कापतात, तिच्या छेदातल्या भेगा मोजतात आणि तिला श्रेणी देतात. सील विकणाऱ्याने नुसते ‘सुसंगत’ म्हटले तर त्याची निविदा उघडूनही पाहिली जाणार नाही.

खरा आक्षेप हाच आहे. विहिरीतल्या रबराला एक न्याय आणि नागरिकाच्या टाकीतल्या रबराला दुसरा. पुरवठादाराकडून वक्ररेषा आणि कोष्टके मागणारा उद्योग ग्राहकाला मात्र एका विशेषणावर बोळवतो. ज्ञान नाही म्हणून असे होते, असेही म्हणता येत नाही. ज्ञान आहे, यंत्रे आहेत, प्रयोगशाळा आहेत, चाचण्याही झाल्या आहेत. नाही ती फक्त आकडे लोकांसमोर ठेवण्याची सवय.

ती सवय लावता येते, याचा पुरावा परदेशातही आहे आणि घराजवळही. अमेरिकेत मिश्रणाचे प्रमाण वाढवण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०११ मध्ये पेट्रोलपंपांवरील रबरे, धातू आणि सीलबंदीचे पदार्थ यांच्या चाचण्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. कोणते रबर कोणत्या मिश्रणात किती फुगले, सुकल्यावर किती आक्रसले, हे त्यात आकड्यांनिशी दिले आहे. तो अहवाल कोणीही वाचू शकतो आणि त्याच्याशी वादही घालू शकतो.

घराजवळचा पुरावा मुंबई-पुण्याच्या रस्त्यांखाली पुरलेला आहे. स्वयंपाकघरापर्यंत वायू आणणाऱ्या पॉलिइथिलीनच्या नळ्या हाही तेल-वायू सेवेतला अधातू पदार्थच. त्यांवर पीई ८० किंवा पीई १०० असे छापलेले असते. तो आकडा शोभेचा नाही. पीई १०० म्हणजे २० अंश सेल्सिअसला ५० वर्षे सतत दाबाखाली राहूनही किमान १० मेगापास्कल ताण सोसणारा पदार्थ. या एका आकड्यामागे वेगवेगळ्या तापमानांना हजारो तास दाबाखाली ठेवलेल्या नळ्या आहेत आणि त्यांवरून काढलेला अंदाज आहे. जमीन २० अंशांहून गरम असेल तर अनुज्ञेय दाब कमी करावा लागतो, हेही त्याच पद्धतीत सांगितलेले आहे. धातूची जागा प्लास्टिकने घेतली आणि ती योग्य घेतली, कारण कोणीतरी तापमान, काळ आणि ताण हे तिन्ही उघडपणे लिहून दिले. अधातू पदार्थ धातूपेक्षा कमी विश्वासार्ह असतात असे मुळीच नाही. ज्यांच्या मर्यादा लिहिलेल्या नाहीत, ते पदार्थ अविश्वासार्ह असतात.

‘रबराची नळी किती रुपयांची? बदलून टाका’ हे उत्तर ऐकायला व्यवहारी वाटते. पण बदलून काय टाकायचे? नायट्राइल रबर हे एका पदार्थाचे नाव नसून एका कुळाचे नाव आहे. त्यातील ॲक्रिलोनायट्राइलचे प्रमाण सुमारे १८ पासून ५० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते आणि त्यानुसार इंधनातले वर्तन पार बदलते. चांगली नळी आणि वाईट नळी दोन्ही काळ्याच असतात. तालुक्याच्या गावातला मिस्त्री दुकानातून मिळेल ती नळी बसवणार; त्याच्याकडे ना यादी, ना खूण, ना सूचना. देशातल्या नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत, आणि दुचाकीत इंधनाची नळी तापलेल्या इंजिनापासून वीतभर अंतरावर असते. तिथली गळती हा मायलेजचा प्रश्न राहत नाही.

या साऱ्याचा अर्थ इथेनॉलला विरोध असा कोणी काढू नये. आयात तेलावरचा खर्च कमी होणे, ऊस आणि मका पिकवणाऱ्याला बाजार मिळणे या गोष्टी खऱ्या आहेत, आणि साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला त्या वेगळ्या समजावून सांगायला नकोत. पण धोरण चांगले असणे आणि त्याच्या चाचण्यांचे आकडे झाकलेले असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. उलट चांगल्या धोरणाला आकड्यांची भीती वाटण्याचे कारणच नाही. आकडे नसले की त्या रिकाम्या जागेत अफवा शिरते, आणि मग तिला अपप्रचार म्हणून झोडपत बसावे लागते.

मागण्या साध्या आहेत. रबर आणि प्लास्टिकच्या प्रत्येक कुळाचा ई-२० मधला फुगवटा, कडकपणा, ताणशक्ती आणि लांबण यांचे आकडे, तापमान आणि तासांसह, जाहीर व्हावेत. भिजणे-सुकणे आवर्तनांचे निष्कर्ष त्यांत असावेत. किमान तीन तापमानांवरून काढलेला आयुष्याचा अंदाज भारतीय उन्हाळ्यासाठी मांडला जावा. प्रत्येक उत्पादकाने एप्रिल २०२३ पूर्वीच्या प्रत्येक मॉडेलसाठी बदलायच्या भागांची यादी द्यावी, आणि मुदत किलोमीटरसोबत वर्षांतही सांगावी. बाजारातल्या सुट्या नळ्यांवर आणि ओ-रिंगांवर, पॉलिइथिलीनच्या नळीवर असते तशी, वाचता येईल अशी खूण असावी. यांतल्या एकाही गोष्टीसाठी नवे विज्ञान लागत नाही.

आणि हे आजच व्हायला हवे, कारण रांगेत पुढचे पदार्थ उभे आहेत. वीस टक्क्यांच्या पुढे जाण्याची चर्चा सुरू आहे, डिझेलमध्ये आयसोब्युटॅनॉल मिसळण्याचे प्रयोग बोलले जात आहेत, आणि सुरतजवळच्या कवासला एनटीपीसीने जानेवारी २०२३ पासून घरगुती वायूत हायड्रोजन मिसळून पाहिला आहे. हायड्रोजनचा रेणू मिथेनपेक्षा पुष्कळ लहान. प्लास्टिकच्या भिंतीतून तो मिथेनहून कितीतरी पट वेगाने झिरपतो. त्यातला किती, कोणत्या सांध्यातून, कोणत्या तापमानाला झिरपतो, हे पुन्हा मोजावेच लागेल. तेव्हाही पत्रकार परिषदेत ‘सुसंगत’ हा शब्द येईल. त्या क्षणी एखाद्या पत्रकाराने एवढेच विचारावे : किती अंशांना आणि किती वर्षे?